फ्रीजवरचा कागद आधी काढा

तासगावकडून एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नाव देत नाही. थोडक्यात सांगते. मिस्टर ५४ वर्षांचे, द्राक्षबाग आहे, शुगर पंधरा वर्षांपासून. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं तेव्हा दवाखान्यातून 'प्रोटीन कमी करा' असा एक झेरॉक्स कागद मिळाला, तो फ्रीजवर चिकटवला आणि तेव्हापासून त्यांना डाळ बंद, दूध बंद, आणि सासूबाई माळकरी असल्यामुळे घरात अंडं कधी नव्हतंच. या फेब्रुवारीपासून डायलिसिस सुरू झालं, मंगळवार आणि शुक्रवार. वजन ६४ होतं ते ५७ वर आलंय. मागच्या महिन्यात पोटॅशियम ६.४ आलं आणि सगळे घाबरले. आता त्यांच्याच शब्दात: "ताई, मी त्यांचं वेगळं बिनमिठाचं करते, उकडलेला दुधी नाहीतर दोडका आणि भात. ते बाहेरच्या खोलीत साडेबाराला एकटे जेवतात, आम्ही मागनं आत जेवतो म्हणजे आमचं ताट बघून त्यांना इच्छा नको. पाणी मोजून देते पण चोरून पितात. जाऊबाई शहाळी पाठवतात, नणंद काढा आणते. परवा ताट सरकवलं आणि म्हणाले, मरायचंच आहे तर पिठलं खाऊन मरू दे. मी त्यांना खायला काय घालू?"

ताई, तुम्ही मला ताई म्हणालात म्हणजे ते आमचे दाजीच झाले, तर दाजींना पिठलं मिळणार आहे, ते कसं ते खाली सांगते. पण आधी उठा आणि फ्रीजवरचा तो कागद काढून टाका. खरंच, वाचणं थांबवून काढा आणि मग पुढे वाचा.

कारण तो कागद चुकीचा नव्हता, तो जुना झालाय. किडनी हळूहळू कमी काम करायला लागते पण डायलिसिस अजून नसतं, तेव्हा प्रोटीन कमी ठेवतात, म्हणजे उरलेल्या किडनीवर भार कमी पडतो, ते बरोबरच होतं. पण डायलिसिस सुरू झालं की हा नियम पार उलटा होतो. मशीन रक्त धुताना घाण काढतं तसं कामाचंही थोडं काढतं, एका वेळेला साधारण सहा ते बारा ग्रॅम अमिनो ॲसिड त्या पाण्याबरोबर वाहून जातं, आणि अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनच्या विटा. त्यामुळे डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन लागतं, धडधाकट माणसापेक्षाही थोडं जास्तच. दाजींचं वजन ५७ धरलं तर दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास. तुमच्या पत्रातला दुधी, दोडका आणि भात मी हिशोबाला घेतला तर वीससुद्धा भरत नाही हो. बाकीचं कुठून येतंय? त्यांच्या दंडातून आणि मांड्यांमधून येतंय.

मी बावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या किडनी विभागात आहारतज्ज्ञ होते आणि हे 'जुना कागद नवा आजार' प्रकरण इतक्या घरात बघितलंय की मला त्याचं आता नवल वाटत नाही, राग मात्र येतो, कारण डायलिसिस सुरू होतं त्या गडबडीत फिस्टुला (डायलिसिससाठी हातावर शिरा जोडून करतात ती जागा), पैसे, गाडी, कोण सोबत जाणार हे सगळं बोललं जातं आणि 'आता जेवण बदला' एवढं एक वाक्य कुणी बोलत नाही. त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही दोन वर्षं जे सांगितलं ते जिवाच्या करारावर पाळलंत, कुणी नवीन सांगितलंच नाही.

वजनाबद्दल एक सांगते म्हणजे उगाच घाबरणार नाही. ६४ चं ५७ झालं त्यात सगळंच मांस गेलं असं नाही, डायलिसिसच्या आधी अंगात पाणी साठलेलं असतं, पायावर सूज असते, ते पाणी निघालं की पहिले काही किलो तसेच उतरतात. पण तुम्ही लिहिलंय की पाच महिने झाले आणि अजून उतरतंच आहे, शर्टाची बाही सैल झालीय, तर ते आता पाणी नाही. आणि यातली लबाडी अशी की मांस कमी होतं आणि त्याची जागा पाणी घेतं तेव्हा काट्यावर वजन तेवढंच दिसतं. म्हणून डायलिसिसला गेल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी सरळ विचारा, यांचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन, परत बघाल का आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, किती आहे. हे दोन शब्द लिहून न्या.

आता पोटॅशियम. ६.४ ही गंमत नाही. साडेतीन ते पाच नॉर्मल असतं, डायलिसिसवाल्याचं साडेपाचपर्यंत डॉक्टर चालवून घेतात, सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि ते बरेचदा काही न सांगता बिघडतात. पाय जड वाटणं, हातापायात जोर नसणं, छातीत धडधड, असं काही झालं तर शुक्रवारची वाट बघायची नाही, त्याच वेळी सेंटरला फोन करायचा आणि निघायचं.

ते वाढलं कशानं हे मला तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर सापडलं, तुम्ही सहज लिहून गेलाय की "शेडवर गेले की मूठभर बेदाणे तोंडात टाकतात, तेवढंच बिचाऱ्यांना गोड." अहो ताई! तासगावच्या माणसाला बेदाणा सोडा म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं, पण शंभर ग्रॅम बेदाण्यात सातशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, आणि तेवढ्याच वजनाच्या ताज्या द्राक्षात दोनशेच्या आत, कारण वाळवलं की पाणी जातं आणि बाकी सगळं गोळा होऊन बसतं. मूठ-दोन मुठी झाल्या की तीनचारशे आलंच, वर शुगर. आणि जाऊबाईंची शहाळी, त्यांनी मायेनं पाठवली यात शंका नाही, आजाऱ्याला शहाळं न्यायचं हे आपल्या हाडात आहे, पण शंभर मिलिलिटर नारळपाण्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, एका शहाळ्यात तीनचारशे मिलिलिटर पाणी निघालं तर हजाराच्या जवळ गेलात. त्यांना दिवसभराचं सगळं मिळून दोन ते अडीच हजार चालतं. म्हणजे एक शहाळं आणि दोन मुठी बेदाणे, दिवसाचा कोटा अर्ध्याच्या वर संपला आणि जेवण अजून व्हायचंय. तुम्ही बिचाऱ्या दोडका उकडत बसलाय आणि चोर मागच्या दारानं आलाय.

तर बेदाणे बंद, शहाळं बंद, आणि हे जाऊबाईंना तुम्ही नाही सांगायचं, दाजींनीच हसत सांगायचं, "वहिनी, शहाळं पोरांना, मला पपईची फोड पाठवा." पपई, सफरचंद, पेर, अननस यातलं दिवसाला एक छोटी वाटी चालेल, शुगर आहे म्हणून छोटीच. ताजी द्राक्षं मोजून दहा, स्वतःच्या बागेतली आहेत म्हणून घोस नाही. केळं, चिकू, संत्रं, खजूर, सुकं अंजीर नको. आणि कमरख म्हणून चांदणीच्या आकाराचं आंबट फळ असतं, काही ठिकाणी करंबळ म्हणतात, कोकणातनं पाहुणे घेऊन येतात, ते किडनीच्या पेशंटने एक फोडसुद्धा खायची नाही, त्यातलं विष किडनी बाहेर टाकते म्हणून आपल्याला काही होत नाही, पण यांना थेट मेंदूवर जातं, उचकी लागते, झटके येतात. गुळातही पोटॅशियम भरपूर, म्हणून चहा गुळाचा करू नका.

नणंदेच्या काढ्याबद्दल मी एवढंच म्हणेन की बाटली सेंटरला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. काय घातलंय ते माहीत नसलेली वस्तू बंद पडलेल्या किडनीच्या माणसाला द्यायची नाही, नणंद रुसली तर रुसू दे.

आता भाजीचं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर निघून जातं, सगळी युक्ती एवढीच आहे. आणि ही विद्या तुमच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे! पुरणाला डाळ शिजवतो आणि कट काढतो ना, तेच करायचं, फक्त यांच्यासाठी कट हा टाकायचा भाग आणि डाळ हा खायचा भाग. मूग किंवा तुरीची डाळ दोन तास भिजवून पाणी ओतायचं, कुकर लावायचा नाही, उघड्या पातेल्यात भरपूर पाणी घालून शिजवायची आणि वरचं पाणी वेळून काढायचं. त्या कटाची आमटी बाकीच्यांनी भुरकावी, यांना उरलेल्या घट्ट डाळीला जिऱ्या-लसणाची फोडणी. भाजीही तशीच, साल काढून बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायची. नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा उकळून पाणी ओतणं जास्त कामाचं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात भाजी शिजवून तेच पाणी आटवलं तर काही उपयोग नाही, सगळं आतच राहतं. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, ढोबळी मिरची यात मुळातच कमी असतं म्हणून तुम्ही निवडलेल्या भाज्या चुकीच्या नाहीत, पण रोज तेच आणि उकडलेलं म्हटल्यावर माणूस ताट सरकवणारच की. पालक, शेवगा, रताळं, टोमॅटो लांब ठेवा. बटाटा कधीतरी, फोडी करून, दोन पाण्यातनं उकळून. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे हात सैल सोडून घालतात, यांच्या भाजीत एक चमचा, बास.

मीठ. आता इथे तुमचं आणि माझं थोडं भांडण होणार. तुम्ही पार बिनमिठाचं करताय आणि तरी त्यांना तहान का लागते असं विचारताय. पत्रात पुढेच लिहिलंय, "तोंडाला चव यावी म्हणून बाजूला थोडी चटणी देते." ती कुठली चटणी? वर्षाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी, हो ना? टिकावी म्हणून त्यात मीठ घातलेलंच असतं, आणि कमी नसतं. वर पापड. म्हणजे भाजीत नाही म्हणून समाधान आणि बाजूने मीठ पोटात. हिशोब सोपा आहे, आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागतं, मागतं म्हणजे तो माणूस ठरवून काही करत नाही, त्याला तहान लागते आणि तो रात्री माठाकडे जातो. त्याला चोर म्हणायचं नाही. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा पूर्ण नाही, एवढं मीठ त्यांना मिळू दे, ते सकाळीच एका डबीत काढून ठेवा आणि दोन्ही जेवणांत वाटून घाला. बिनमिठाचं जेवण आणि वर्षाची चटणी यापेक्षा हे कितीतरी बरं.

चटणी मात्र त्यांची वेगळी करा. सुकं खोबरं अगदी थोडं, लसूण, जिरं, धणे, लाल मिरची, मीठ नाही, थोडीशी करून फ्रीजमध्ये ठेवा, कारण मिठाशिवाय ती बाहेर टिकणार नाही. ठेचाही चालतो, मीठ न घालता, वर चार थेंब लिंबू, लिंबानं मिठाची आठवण कमी होते. आणि एक, दुकानात 'लो सोडियम' म्हणून मीठ मिळतं ते चुकूनही आणू नका, त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, बीपीवाल्याला ठीक असेल, डायलिसिसवाल्याला ते जीवावरचं आहे. सैंधवानेही काही फरक पडत नाही, ते शेवटी मीठच.

पाण्याचं माप असं काढायचं, चोवीस तासांत लघवी किती होते ते एकदा मोजा, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवा, तेवढं त्यांचं दिवसाचं पाणी. समजा तीनशे मिलिलिटर होते तर आठशे. आणि यात चहा, ताक, आमटी, दही, गोळ्या गिळायचं पाणी सगळं आलं. सकाळी बाटलीत तेवढं भरून त्यांच्याच ताब्यात द्या, तुम्ही पेलाभर पेलाभर मोजून देताय त्यात त्यांचा अपमान होतो, ५४ वर्षांचा माणूस आहे, बागायतदार आहे, घोटासाठी बायकोकडे हात पसरतोय. बाटली त्यांची, हिशोब त्यांचा. चहा प्यायला की तेवढं बाटलीतनं ओतून टाकायचं. छोटा कप वापरा, बर्फाचा एक खडा तोंडात ठेवला तर घोटभर पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो, नुसती चूळ भरली तरी बरं वाटतं.

प्रोटीनचा प्रश्न उरला, आणि सासूबाईंचा. माळ घातलेल्या घरात अंडं आणा असं मी सांगणार नाही, त्या माऊलींनी इतकी वर्षं जे सांभाळलंय ते आपण मोडायचं नाही. पण तुम्हीच लिहिलंय की दाजींच्या गळ्यात माळ नाही, आणि पूर्वी ते बाहेर खायचे. मग मंगळवार-शुक्रवार सेंटरला जाताना गावात कुठे उकडलेली अंडी मिळतात ती घ्या, एक पूर्ण आणि दोनांचा फक्त पांढरा भाग, तेरा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन झालं. पांढऱ्या भागात फॉस्फरस फार कमी, आणि किडनी बंद असली की फॉस्फरसही रक्तात साठतो, म्हणून तो पांढरा भाग यांना सोन्यासारखा. मशीन चालू असताना खायचं की नाही ते सेंटरला विचारा, काहींचं बीपी खाल्ल्यावर पडतं, मग आधी किंवा नंतर. घरात राहिलं पनीर, विकतचं नको, घरी करा, दूध नासवून निवळी ओतून दिली की बरंचसं पोटॅशियम त्या निवळीबरोबर जातं, हाही कटाचाच भाऊ. पन्नास ग्रॅम पनीर म्हणजे नऊएक ग्रॅम प्रोटीन. कट काढलेली डाळ कोरडी तीस ग्रॅम धरली तर सात, एक छोटी वाटी दही चार, तीन चपात्या किंवा भाकऱ्या नऊ, भात पाचसहा. अंड्याच्या दिवशी पन्नासच्या जवळ येतंय बघा. उरलेल्यासाठी डायलिसिसवाल्यांची वेगळी पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलवाल्याने पुढे केलेला साधा डबा नको, त्यात पोटॅशियम-फॉस्फरस काय असेल सांगता येत नाही.

आणि भाकरी बंद का केलीत? कुणी सांगितलं? ज्वारीची भाकरी आणि गव्हाची चपाती यात पोटॅशियमचा फार फरक नाही, भातात सगळ्यात कमी आहे हे खरं, पण भाकरीत आपण मीठ घालत नाही हा तिचा मोठा गुण आहे. एक भाकरी रोज द्या. नाहीतर त्या माणसाला आपण जेवलो असं वाटणारच नाही.

फॉस्फरसची गोळी चालू असेल, अंगाला खाज येते असं लिहिलंय म्हणून विचारते, ती जेवणाच्या मध्येच घ्यायची, दोन घास झाल्यावर. जेवणानंतर तासाने घेतली तर तिचं काम फारसं होत नाही, गोळी अन्नातला फॉस्फरस पकडायला असते, अन्नच पुढे गेलं तर पकडणार काय. कोल्ड्रिंक, विशेषतः काळं, आणि पाकिटातलं खाणं यात फॉस्फरस वरून घातलेला असतो आणि तो जवळजवळ सगळा रक्तात जातो, त्यामानाने डाळीतला कमी जातो. हे डाळीला घाबरणाऱ्या सगळ्यांनी ऐकून ठेवा.

शुगर आहे म्हणून अजून एक. किडनी गेली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून पूर्वीच्याच डोसवर शुगर अचानक खाली येऊ शकते, त्यात हे ताट सरकवून उपाशी राहतात. घाम, थरथर, बोलणं अडखळणं असं झालं तर साखर किंवा ग्लुकोज थोड्या पाण्यात, मोसंबीचा ज्यूस नाही आणि गूळही नाही. डोस कमी करायचा का ते डॉक्टरांना विचारा, स्वतः करू नका.

याच कारणाने एकादशीचंही. सासूबाईंना वाटतं दाजींनी आषाढीचा उपास धरावा म्हणजे पांडुरंग बघेल. भावना मोठी आहे, पण उपासाचं ताट बघा ना, रताळं, बटाटा, शेंगदाणा, खजूर, राजगिरा, यांना जे जे नको ते सगळं एका ताटात गोळा केल्यासारखं! आणि काहीच न खाता राहिले तरी पोटॅशियम कमी होत नाही, उलट उपाशी शरीर स्वतःला मोडायला लागतं आणि आतलं पोटॅशियम रक्तात सोडतं. धरायचाच असेल तर भगर आणि थोडं दही, वेळेवर, दोनदा. नाहीतर त्यांच्या वाटणीचा उपास आईनेच धरावा आणि त्यांनी शेजारी बसून हरिपाठ म्हणावा, म्हाताऱ्या माणसाला हे पटतं, मी पटवलंय.

तुमच्या वेळापत्रकात एक खड्डा आहे तो लक्षात ठेवा. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, पण शुक्रवार ते मंगळवार चार. रविवारी पाहुणे, रविवारी लग्नं, आणि सोमवारी रात्री रक्तात सगळं साठून टोकाला गेलेलं असतं. म्हणून सवलत घ्यायची ती रविवारी नाही, डायलिसिसच्या दिवशी सकाळी, म्हणजे पाठोपाठ मशीनवर धुतलं जातं. आठवड्याला तिसरं डायलिसिस घेता आलं तर खाण्यापिण्याचा फास बराच सैल होतो, तुम्ही पैशामुळे दोनवर थांबलाय असं दिसतंय, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड घेऊन तिथे एकदा बसा. पोट साफ होतंय ना तेही बघा, किडनी बंद असताना थोडं पोटॅशियम आतड्यातनं जातं, तेही तुंबलं की रिपोर्ट वाढतो.

आणि ते बाहेरच्या खोलीतलं ताट. यावर मी सगळ्यात शेवटी येतेय कारण यात माझाच हात पोळलाय. माझ्या वडिलांना डायलिसिस लागलं तेव्हा मी घरची तज्ज्ञ, छापील तक्ता केला, वजनकाटा आणला, पनीर तोलून त्यांच्या ताटात ठेवलं. ते म्हणाले, "मी काय सोनं आहे का तोलायला?" आणि ताट सरकवलं, अगदी दाजींसारखंच. बावीस वर्षं मी लोकांना जे कागद वाटले ते घरी नेऊन त्यांचं काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. दोन महिने ते नीट जेवले नाहीत, आणि परत जेवायला लागले ते तक्ता बदलल्यामुळे नाही, आईने एक दिवस सगळ्यांचीच भाजी कमी मिठाची केली, त्यांचं ताट आमच्या पंगतीत मांडलं आणि एका शब्दाने काही बोलली नाही. ज्याला मीठ हवं त्याने वरनं घ्यावं. माझा भाऊ पहिले चार दिवस कुरकुरला, मग त्याचीही जीभ बसली. नाहीतरी पाच ग्रॅमचं माप धडधाकट माणसालाही तेच आहे, फक्त ते कुणी पाळत नाही.

तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच आधी जेवायला बसवता, पण त्यांना ते कसं दिसतं बघा, आतून फोडणीचा वास येतोय, पोरांचं हसणं ऐकू येतंय आणि आपण एकटे दुधीसमोर. एकच कढई करा. भाजी उकळून पाणी काढणं सगळ्यांच्याच भाजीला करा, फोडणी एकच द्या, त्यांचा भाग काढून घ्या आणि मग बाकीच्यात कूट, मीठ, टोमॅटो काय घालायचं ते घाला. वास एकच, ताटं एका ओळीत. लग्नालाही न्या त्यांना, भात, पुरी, कोरडी भाजी घ्यायची, आमटी आणि मठ्ठा पुढे जाऊ द्यायचा.

आता पिठलं. पंचवीस ग्रॅम बेसन, म्हणजे साधारण तीन-चार सपाट मोठे चमचे, त्यात पोटॅशियम दोन-अडीचशे आणि प्रोटीन पाचसहा ग्रॅम, हे त्यांच्या हिशोबात बसतं. ज्या दिवशी पिठलं त्या वेळेला डाळ नाही. घट्ट करा, पातळ केलंत तर पाणी मोजावं लागेल. लसूण ठेचून भरपूर, हिरवी मिरची, जिरं, हिंग, कढीपत्ता, डबीतलं मीठ चिमूटभर, टोमॅटो नाही, कोथिंबीर वरनं थोडीशी. मंगळवारी सकाळी करा, डायलिसिसला निघायच्या आधी, एक गरम भाकरी आणि बिनमिठाचा ठेचा, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर बसून तेच खा.

हे सगळं एकदम सुरू करू नका, आधी बेदाणे-शहाळं आणि चटणी, मग डाळ-पनीर, आणि जे वाढवाल ते डायलिसिसच्या डॉक्टरांच्या कानावर घालून, कारण दाजींची लघवी किती, औषधं कुठली हे डॉक्टरांना माहीत आहे, मला पत्रातनं तेवढं दिसत नाही. पुढच्या महिन्याचा रिपोर्ट आला की पोटॅशियम आणि अल्ब्युमिन दोन्ही आकडे मला कळवा, आणि दाजी किती भाकऱ्या खाल्ले तेही.